मुरगळलेला पाय आणि उद्याचा खाडा : सांध्या-स्नायूंच्या किरकोळ दुखापतींवर घरी काय करावे

लालबाग-परळच्या चाळीत कुणाचा पाय मुरगळला की दोन गोष्टी हमखास होतात. शेजारच्या मावशी हळद-तुरटीचा लेप गरम करायला घेतात आणि ज्याचा पाय मुरगळला तो मनातल्या मनात उद्याच्या खाड्याचा हिशेब मांडू लागतो. कंत्राटी सफाई कामगार, मसाल्याच्या बाजारात पोती उचलणारा, टॉवरमध्ये धुणीभांडी करणारी ताई, पाठीवर बॅग लावून दुचाकीवर फिरणारा डिलिव्हरीवाला, यांच्यातल्या बहुतेकांना भरपगारी रजा ठाऊक नाही. मग मेडिकलमधून एक गोळी, वर घट्ट पट्टी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कामावर. दोन-तीन आठवड्यांत बरा झाला असता असा पाय मग वर्षानुवर्षे त्याच जागी दगा देत राहतो.

या भागात समाजकार्य करताना आम्ही हे सतत पाहतो. घरचे उपचार आपल्याकडे सगळ्यांनाच येतात, पण त्यातले निम्मे चुकीच्या दिवशी केले जातात. पहिल्या दोन दिवसांत जे टाळायचे तेच आवर्जून होते आणि तिसऱ्या दिवसानंतर जे करायचे ते कुणी करतच नाही. म्हणून विहारातल्या, मंडळातल्या, कबड्डी संघातल्या तरुण कार्यकर्त्यांनी हाताशी ठेवावी अशी माहिती इथे एकत्र केली आहे. हा लेख डॉक्टरांना पर्याय नाही. घरी कधी भागते आणि दवाखान्यात कधी जायलाच हवे, एवढे त्यातून कळावे.

नेमके काय झालेले असते

आपल्या भाषेत या दुखण्यांना शब्द भरपूर आहेत : मुरगळणे, लचकणे, उसण भरणे, चमक भरणे, मुका मार, वांब येणे. हे शब्द ढोबळ वाटले तरी पुष्कळदा नेमके असतात.

सांध्यातली दोन हाडे एकमेकांना घट्ट पट्ट्यांनी बांधलेली असतात. त्यांना अस्थिबंध म्हणतात, डॉक्टर लिगामेंट म्हणतात. पाऊल आतल्या बाजूला वाकडे पडले की घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा पट्टा ताणला जातो, कधी थोडा फाटतो, क्वचित पुरता तुटतो. हे मुरगळणे. स्नायूचे धागे ताणले किंवा तुटले तर ते वेगळे. धावताना मांडीच्या मागे चमक निघते किंवा हंडा उचलताना कंबरेत उसण भरते, तेव्हा बहुधा असेच काहीतरी झालेले असते. मुका मार म्हणजे कातडी न फाटता आत रक्त साकळणे. वांब किंवा गोळा येतो तेव्हा फाटलेले काहीच नसते, स्नायू आकसून बसलेला असतो.

पट्टा नुसता ताणला असेल तर दोन-तीन आठवड्यांत पाय कामाला लागतो. अर्धवट फाटला असेल तर महिना-दीड महिना सहज जातो. पूर्ण तुटला तर काही महिने लागतात आणि ते काम घरचे नाही. सूज किती आली यावरून मात्र दुखापत किती मोठी हे ठरवू नका. साध्या लचकीतही पाय भोपळ्याएवढा होतो, आणि हाड मोडूनही सूज बेताची असू शकते.

घरी ठेवायचे की केईएमला न्यायचे

१९९२ साली कॅनडातल्या ओटावा शहरात इयन स्टील आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी घोट्याच्या दुखापतीसाठी एक साधी तपासणी तयार केली. पाय मुरगळलेल्या प्रत्येकाचा एक्स-रे काढला जाई आणि बहुतेकांचे हाड शाबूत निघे, त्यावर त्यांना उपाय हवा होता. आज ही पद्धत जगभर वापरली जाते. ती शिकायला पाच मिनिटे पुरतात आणि हातात काहीच लागत नाही.

आधी चालवून पाहा. दुखापत झाली त्या वेळी आणि आत्ताही माणूस स्वतःच्या पायांवर चार पावले टाकू शकतो का? लंगडत टाकली तरी चालतील, पण वजन दोन्ही पायांवर आळीपाळीने पडले पाहिजे. चार पावले पडत नसतील तर एक्स-रे.

मग बोटाने दाबून पाहा. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडाची उंचवटी असते तिचे टोक आणि मागची कड, तिथून वर साधारण चार बोटांपर्यंत. करंगळीच्या बाजूने पावलाच्या मध्यावर हाताला लागणारा हाडाचा उंचवटा. आणि आतल्या बाजूला, कमानीच्या वर, घोट्याच्या थोडे पुढे असलेले हाड. यांपैकी कुठेही हाडावर दाबल्यावर कळ आली तर एक्स-रे. हाडाच्या पुढच्या-खालच्या मऊ भागातच दुखत असेल आणि चार पावलेही पडत असतील, तर हाड मोडलेले असण्याची शक्यता फार कमी. असा पाय घरी सांभाळता येतो.

ही परीक्षा शुद्धीवर असलेल्या मोठ्या माणसासाठी आहे. दारू प्यायलेला, अंगभर मार लागलेला किंवा मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेला माणूस असेल तर तिच्यावर विसंबू नका. लहान मुलांच्या हाडांची टोके अजून वाढत असतात, तिथे संशयाचा फायदा एक्स-रेला द्यावा.

घोट्याखेरीज इतर सांध्यांबाबत काही गोष्टी तोंडपाठ असाव्यात. सांध्याचा आकार बदलला असेल, खांदा चौकोनी दिसत असेल, तर तो ओढून बसवण्याचा प्रयत्न कुणीही करू नये. हात आहे त्या स्थितीत ओढणीने गळ्यात बांधा आणि निघा. गुडघा काटकोनात वाकत नसेल किंवा मध्येच अडकत असेल तर डॉक्टर. बोटे गार, पांढरी, निळी किंवा बधिर पडली तर लगेच. टाचेच्या मागे 'टक्‌' असा आवाज आला, मागून कुणी लाथ मारल्यासारखे वाटले आणि मग चवड्यावर उभेच राहता येईना, तर टाचेची मोठी शीर तुटलेली असू शकते. तिशी ओलांडलेला, एरवी खुर्चीत बसणारा माणूस जयंतीच्या क्रीडा महोत्सवात एकदम कबड्डीला उतरतो, त्याला याचा धोका जास्त. म्हातारे माणूस घरात पडले आणि उठून उभे राहता येईना, तर ती लचक समजून शेकत बसू नये, खुब्याचे हाड मोडलेले असू शकते.

लालबागहून केईएम हाकेच्या अंतरावर आहे. १९२६ पासून गिरणगावाचा भार हेच रुग्णालय वाहत आले आहे आणि त्याचा अपघात विभाग चोवीस तास उघडा असतो. माणूस हलवता येत नसेल तर १०८ लावा. अशा माणसाला चाळीचा जिना काखोटीला मारून उतरवण्यापेक्षा दहा मिनिटे थांबणे बरे.

पहिले दोन दिवस

बर्फ, दाब, उंची आणि आराम. या चौघांना इंग्रजी आद्याक्षरांतून एक सुटसुटीत नाव देणारे अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन. साल १९७८. पुढे २०१४ मध्ये त्यांनी स्वतःच सांगितले की तासन्‌तास बर्फ आणि पूर्ण आराम यांनी भरून येणे लांबू शकते. सूज हा शरीराच्या दुरुस्तीचाच भाग आहे, ती मारून टाकायची नसते, आवरायची असते. त्यामुळे आज बर्फाकडे मुख्यतः वेदना कमी करण्याचे साधन म्हणून पाहिले जाते.

बर्फ थेट कातडीवर ठेवू नका, कातडी भाजल्यासारखी होते. ओल्या फडक्यात गुंडाळून दहा ते वीस मिनिटे, मग दोन-तीन तासांचे अंतर. फ्रीज नसेल तर मासळीबाजारातला बर्फही चालतो, फक्त कातडी फुटलेली नसावी आणि तो पिशवीत बांधलेला असावा. गोठवलेल्या मटारची पिशवी तर घोट्याला छान बसते. मधुमेहामुळे पाय बधिर असेल तर बर्फही नको आणि शेकही नको.

पट्टी म्हणजे क्रेप बँडेज, साधारण १० सेंटिमीटर रुंदीचे. सुरुवात बोटांच्या मुळापासून करायची आणि वर पोटरीकडे जायचे. आपल्याकडे उलटे करतात, वरून खाली, आणि मग पाऊल सुजते. प्रत्येक वेढ्याने आधीच्या वेढ्याचा अर्धा भाग झाकावा, घोट्याभोवती इंग्रजी आठाच्या आकाराचे वेढे घ्यावेत. बांधून झाल्यावर अंगठ्याचे नख दाबून सोडा. पांढरे पडलेले नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाले पाहिजे. मुंग्या आल्या, बोटे गार पडली, तर सोडून सैल बांधा. रात्री झोपताना काढून ठेवा.

उंची म्हणजे पाय छातीपेक्षा वर. आडवे होऊन पायाखाली दोन उशा घेतल्या की झाले. खुर्चीत बसून समोर स्टूल घेतल्याने तेवढी उंची मिळत नाही.

राहिला आराम, आणि खरी अडचण तिथेच आहे. आपल्या घरांत दुखापत सोसून उभे राहणाऱ्याचे कौतुक होते, आडवे होणाऱ्याला नाजूक म्हणतात. धम्माच्या नावानेही कधी कधी हेच सांगितले जाते : वेदना सहन करा. अशा वेळी आम्हाला संयुत्त निकायातल्या सकलिक सुत्ताची आठवण होते. देवदत्ताने गृध्रकूटावरून लोटलेल्या शिळेची कपची लागून तथागतांचा पाय जखमी झाला, असे चुल्लवग्गात येते. सकलिक सुत्तात ते मद्दकुच्छीच्या मृगवनात आहेत. वेदना तीव्र आहेत आणि ते त्या स्मृतिपूर्वक, न डगमगता सोसत आहेत. प्रवचनात इथवरच येते. पण त्याच सुत्तात पुढे असे आहे की त्यांनी संघाटीची चौपदरी घडी अंथरली आणि ते उजव्या कुशीवर आडवे झाले. त्यांना तिथवर डोलीतून नेले आणि पुढे जीवकाने उपचार केले, असे अट्ठकथा सांगते. पाय दुखावल्यावर बुद्धही चारिकेला निघाले नाहीत. विहारात कुणी लंगडत सतरंज्या अंथरत असेल तर त्याला ही गोष्ट जरूर सांगावी.

पूर्ण आराम एक ते दोन दिवस पुरतो. त्याहून जास्त पडून राहिले तर स्नायू अशक्त होतात आणि सांधा आखडतो.

या दोन दिवसांत, खरे तर तीन दिवस, काही गोष्टी कटाक्षाने टाळा. गरम पाण्याचा, विटेचा किंवा तव्याचा शेक नको, त्याने आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. मालीश नको. दारू नको. 'चालून चालून मोकळा होईल' म्हणून फिरायला जाणे नको. पाय ओढून 'शीर बसवून' देणाऱ्याकडे तर अजिबात नको. हाडवैद्यांपैकी काहींच्या हाताला गुण असतो असे मानणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांच्याशी भांडून उपयोग नाही. पण मोडलेले हाड न ओळखता त्यावर बांबूच्या कामट्यांची करकचून पट्टी बांधली, की रक्तपुरवठा तुटून बोटे काळी पडण्यापर्यंत वेळ येते, एवढे त्यांना नक्की सांगावे.

लेपाचे काय? हळद, आंबेहळद, रक्तचंदन यांचा कोमट लेप फुटलेल्या कातडीवर लावला नाही तर बहुधा अपाय करत नाही. तुटलेला पट्टाही त्याने जोडला जात नाही. मावशींच्या हाताचे समाधान मात्र मिळते आणि तेही दुखणाऱ्याला हवेच असते. गरम लेप पहिले दोन दिवस टाळावा. चुना आणि गूळ एकत्र करून लावायची पद्धत मात्र सोडूनच द्या. चुन्याने कातडी भाजते आणि मूळ दुखण्यापेक्षा जखम बरी व्हायला जास्त दिवस लागतात.

गोळ्यांबद्दल

मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या, दोन वेळांत सहा तासांचे अंतर, आणि दिवसभरात ३ ग्रॅमच्या आत. यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू पीत असाल तर ही गोळीही डॉक्टरांना विचारूनच. मेडिकलवाला 'अंगदुखीची' म्हणून देतो त्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेले असते. पाकिटावर वाचा, नाहीतर नकळत दुप्पट जाते. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक उपाशीपोटी घेऊ नये. पित्ताचा व्रण, मूत्रपिंडाचा विकार, हृदयविकार, दमा, गर्भारपण किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. घोट्यासारख्या वरवरच्या सांध्याला डायक्लोफेनॅकचे मलम पोटाला कमी त्रास देते.

पावसाळ्यात एक गोष्ट जास्तीची. अंग दुखते आहे आणि तापही आहे, तर ती लचक समजू नका. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन यांपैकी काहीही घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका असतो. तसेच लेप्टोचे. हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यातून घरी आलेल्या माणसाच्या काही दिवसांनी पोटऱ्या ठणकू लागल्या, ताप आला, डोळे लाल झाले, तर पोटऱ्यांना बाम चोळत बसू नये. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने लेप्टोची मोठी साथ पाहिली आहे. गुडघाभर पाण्यात काम केलेल्या सफाई कामगाराने दुखणे सुरू होण्याची वाट न बघता ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक औषधाची विचारणा करावी.

गोळीने दुखणे थांबले म्हणजे पाय बरा झाला असे नाही. गोळी घेऊन पोते उचलण्यातला धोका हाच आहे. सांगाती म्हणून दिलेली वेदना गप्प केलेली असते.

तिसऱ्या दिवसापासून

एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो, कारण पट्टा ताणला जातो तेव्हा पाऊल कुठे आहे हे मेंदूला कळवणारी त्यातली यंत्रणाही दुखावते. दुखणे थांबते पण पायाचा अंदाज परत आलेला नसतो. तो परत शिकवावा लागतो आणि त्याला पैसा लागत नाही.

सुरुवात हवेत बाराखडी लिहून करा. पाय लांब करून बसा आणि अंगठ्याने 'क' ते 'ज्ञ' लिहा, दिवसातून तीनदा, दुखेल तिथे थांबून. पाचव्या-सहाव्या दिवशी पंचा पावलाखाली घालून दोन्ही टोके हातात धरा आणि पाऊल हळूच स्वतःकडे ओढा. पुढच्या आठवड्यात जिन्याचा कठडा धरून पायरीवर उभे राहा, टाचा वर उचला, खाली सोडा, दहा-दहा वेळा. चाळीच्या जिन्याचा एवढा एक फायदा. मग रोज दात घासताना दुखऱ्या पायावर एकट्याने उभे राहायचे, अर्ध्या मिनिटापर्यंत. जमले की डोळे मिटून. हा शेवटचा व्यायाम लोक हसण्यावारी नेतात, पण पुन्हा मुरगळणे टाळायला त्याच्याइतका उपयोगी दुसरा नाही. महिना-दीड महिना तरी तो सोडू नये.

आता शेक चालतो. आखडलेल्या, जुन्या दुखण्याला उष्णता बरी वाटते. विनयाच्या महावग्गात भेसज्जक्खंधकात पिलिंदवच्छ भिक्खूंचे अंग वाताने दुखत असताना वाफेचा आणि औषधी पाल्याचा शेक घ्यायला अनुमती दिल्याचे येते. तो जुन्या वातविकारासाठी होता, ताज्या माराला नव्हता.

मैदानावर परत कधी? श्रमिक जिमखान्यावर पुढच्या रविवारी सामना आहे म्हणून नव्हे. दुखऱ्या पायावर दहा उड्या न दुखता मारता आल्या, सरळ धावता आले, मग नागमोडी धावता आले, एकदम थांबून वळता आले, की कबड्डी. प्रशिक्षकाने हे करून घेतल्याशिवाय मुलाला उतरवू नये. दहीहंडीच्या थरांनाही हेच लागू आहे. बौद्ध घरांतल्या मुलांनी थर लावावेत का, यावर आपल्यात वाद आहे आणि तो इथे काढत नाही. गुरुपौर्णिमेपासून सराव सुरू होतो आणि आपलीही मुले त्यात असतात, पडतात, हे मात्र खरे आहे.

दोन आठवड्यांत काहीच फरक नसेल, सहा आठवड्यांनंतरही पाय दगा देत असेल, तर अस्थिव्यंग विभागात दाखवा आणि फिजिओथेरपीचा कागद मागून घ्या. रुग्ण मागत नाही म्हणूनही तो पुष्कळदा मिळत नाही.

बाकीचे सांधे, थोडक्यात

बोट ठेचले, चेंडू लागला, की आधी अंगठी काढा, नंतर ती कापावी लागते. बोट ओढून 'काडकन' करू नका. शेजारच्या बोटाशी चिकटपट्टीने बांधून ठेवा. टोकाचा पेर खाली लोंबत असेल आणि सरळ करता येत नसेल तर त्याच आठवड्यात डॉक्टर, कारण ते पट्टीत सहा ते आठ आठवडे सरळ ठेवले तरच जुळते.

हातावर पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दाबून दुखत असेल तर सावध राहा. तिथले बारीक हाड मोडले तरी पहिल्या एक्स-रेत दिसेलच असे नाही, दहा-बारा दिवसांनी पुन्हा काढावा लागतो. दुचाकीवरून पडलेल्या मुलांनी हे लक्षात ठेवावे.

कंबरेत उसण भरली तर अंथरूण धरून बसू नका. एक-दोन दिवस जड काम बंद, थोडे थोडे चालणे चालू. मात्र दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय.

गर्दीत लहान मुलाचा हात ओढून चालवताना कोपराचे हाड थोडे सरकते. मूल रडते आणि मग तो हात हलवतच नाही, लोंबता ठेवते. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कच्या रांगांत मुलांना असेच ओढले जाते. डॉक्टर ते मिनिटभरात बसवतात, घरी झटके देऊ नयेत. मुलाला काखेत धरून उचलावे, मनगट धरून नव्हे. जयंतीच्या मिरवणुकीत पोटरीला वांब आला तर पाय सरळ करून पावलाचा चवडा गुडघ्याकडे ओढून धरा, मग पाणी किंवा ओआरएस. एप्रिलच्या उन्हात बेंजोसमोर चार तास नाचणाऱ्यांना ते आधीच द्यावे.

मार लागलेला नसताना सांधा लाल, गरम झाला आणि ताप आला, किंवा एकाच पायाची पोटरी अकारण सुजून दुखू लागली, तर ते या लेखातले दुखणे नाही. डॉक्टरकडे जा.

बायकांचे हात

पुरुषाच्या दुखापतीला दिवस, वेळ, प्रसंग असतो. बायकांची बहुतेक दुखणी हळूहळू जमतात आणि म्हणून त्यांना कुणी दुखापत म्हणत नाही. चार घरचे कपडे पिळून अंगठ्याच्या बाजूचे मनगट सुजते. पीठ मळून, लादी पुसून कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येते. सकाळी नळावरून पिंप भरून कंबर धरते. यांना बर्फ आणि गोळीने तेवढ्यापुरते बरे वाटते. पण ज्या हालचालीने दुखणे आले ती बदलली नाही तर काही उपयोग नाही. ओले कपडे नळाला अडकवून दोन्ही हातांनी पिळावेत, म्हणजे मनगट मुरडत नाही. बादली अर्धी भरून दोन फेऱ्या कराव्यात. मूल उचलताना अंगठे ताणून काखेत घालू नयेत, तळवे खालून द्यावेत. रात्री मनगटाला अंगठ्यासकट आधाराची पट्टी लावावी.

हे लिहिताना आम्हाला ठाऊक आहे की 'दोन दिवस आराम करा' हा सल्ला बाईला देणे म्हणजे पाणी कोण भरणार या प्रश्नाचे उत्तर न देणे. ते उत्तर घरातल्या मुलग्यांनी द्यायचे आहे. ते नसतील तिथे महिला मंडळाने पाण्याची पाळी वाटून घ्यावी. लग्न-मयताला आपण ते करतोच.

कागद आणि पगार

दुखापत कामावर झाली असेल तर त्याच दिवशी केसपेपर काढा आणि त्यावर कुठे, किती वाजता, काय करताना लागले हे लिहून घ्या. मुकादमाला किंवा मालकाला लेखी कळवा, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर. ईएसआय कापला जात असेल, कंत्राटी कामगार असलात तरी, कामावरच्या दुखापतीने किमान तीन दिवस (अपघाताचा दिवस सोडून) काम बंद राहिले, तर वेतनाच्या सुमारे ९० टक्के भरपाई मिळते, अपंगत्व राहील तोपर्यंत. खेळताना किंवा घरी लागले असेल आणि वर्गणीचे दिवस भरलेले असतील, तर आजारपणाचा लाभ सुमारे ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. दोन्हीसाठी ईएसआयच्या डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते. परळमध्ये महात्मा गांधी स्मारक रुग्णालय त्यासाठीच आहे. पगाराच्या चिठ्ठीत ईएसआयची कपात दिसते आणि कार्ड मात्र कधी हातात आलेले नाही, अशी मुले आम्हाला दर महिन्याला भेटतात. विमा क्रमांक मागून घ्या.

ही व्यवस्था कुणी उपकार म्हणून दिलेली नाही. औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम १९४३ साली प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपवले गेले, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. अडारकरांचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि त्यातूनच १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. ज्यांचा ईएसआय कापला जात नाही त्या रोजंदारीवाल्यांना आणि घरकामगारांना आजही यातले काही मिळत नाही. तिथे संघटनेखेरीज उपाय नाही.

विहारातली पेटी

प्रत्येक विहारात एक पेटी असावी. तीन-चार क्रेप बँडेज, चिकटपट्टी, कात्री, त्रिकोणी झोळीसाठी दोन मोठे सुती रुमाल, पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅकचे मलम, ओआरएसची पाकिटे, बर्फासाठी जाड प्लास्टिकच्या पिशव्या. गोळ्यांची मुदत दर पौर्णिमेला तपासावी, म्हणजे विसरत नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला चार पावलांची परीक्षा आणि १०८ हा क्रमांक मोठ्या अक्षरात चिकटवावा. शिवाय कुबड्यांची एक जोडी आणि एक वॉकर. पुष्कळ घरांत बरे झालेल्या माणसाच्या कुबड्या पोटमाळ्यावर पडून असतात, मागितल्या तर लोक देतात. नेणाऱ्याचे नाव, खोली क्रमांक आणि तारीख वहीत लिहावी. किल्ली एकाच्या खिशात ठेवू नये. ती दोघांकडे असावी आणि त्यातली एक बाई असावी, कारण रात्री अकरा वाजता चाळीत कोण घरी असते हे सगळ्यांना माहीत आहे.